चाकांचें घर आणि अग्नीच्या पायऱ्या

पुण्यांत जन्म काढलेल्या माणसाला काळ्या दगडाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. वाड्याचें जोतें त्याचें, अंगणांतलें तुळशीवृंदावन त्याचें, नदीचे घाट त्याचे. आणि पाताळेश्वराचें लेणें तर आठव्या शतकांत अखंड काळ्या खडकांतच कोरून काढलेलें. पर्वतीच्या वाटेवर आपण जो खडक तुडवितों तो एके काळीं रसरूपानें वाहत होता, हें मात्र चालतांना कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्हीं अडतीस वर्षें मुलांना भूगोल शिकविला. दख्खनचें पठार अग्निजन्य खडकाचें आहे, हें वाक्य किती वर्गांकडून पाठ करून घेतलें असेल याची गणतीच नाहीं. त्या वाक्यावर अंथरूण घालून निजण्याचा योग मात्र गेल्या कार्तिकांत आला, आणि तोहि उतारवयांत, सहकुटुंब. त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें वाटल्यावरून हा लेख.

आमच्या घरांत लहानमोठीं तेरा माणसें आहेत. धाकट्या बंधूंचा मुलगा व सून तीन वर्षांपूर्वीं आइसलंड बेटावर गेलीं होतीं. निजावयास बिछाना व शिजवावयास शेगडी असलेली मोटार त्यांनीं तेथें भाड्यानें घेतली, बेटाला वळसा घातला, आणि जागोजाग गाडी उभी करून डोंगर पायीं चढलीं. परत आल्यावर त्यांनीं दिवाणखान्यांत सर्वांना बसवून चित्रें दाखविलीं. काळ्या कातळावरून कोसळणारे धबधबे, कड्यांत ओळीनें उभे असलेले षट्कोनी खांब, त्यांवर मखमलीसारखें शेवाळ. मंडळी आश्चर्य करीत होती, तों आमच्या सौभाग्यवती मागून म्हणाल्या, "हें आपल्या माळशेजसारखेंच दिसतें कीं!" सगळे हंसले. परंतु भूशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर त्या दिवशीं त्या खोलींतलें सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य तेंच होतें.

कारण असें. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं ह्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस वाहूं लागला. ज्वालामुखी काढ म्हटलें म्हणजे मुलें पाटीवर एक शंकु काढतात व त्याच्या टोंकांतून धूर सोडतात. दख्खनचा प्रकार तसा नव्हता. येथें रस भेगांतून निघे, कोसच्या कोस पसरे व थिजे. मग बराच काळ जाई. थिजलेल्या थराची वरची बाजू ऊनपावसानें झिजून तिची लाल माती होई. आणि मग तिच्यावर दुसरा लोट येई. अशा रीतीनें थरावर थर चढत गेले. एवढी झीज होऊनहि आज सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि ह्या थरांनीं झांकलेली आहे, आणि सह्याद्रींत त्या थरांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची माची होते. म्हणून आपले गड दुरून जिन्यासारखे दिसतात. स्वीडिश भाषेंत जिन्याला जो शब्द आहे त्यावरूनच पाश्चात्त्य पंडितांनीं ह्या खडकाला 'ट्रॅप' हें नांव दिलें. आपल्या किल्लेदारांचा तटबंदीचा अर्धा खर्च ह्या पायऱ्यांनींच वांचविला म्हणावयाचा.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्या काळीं हिंदुस्थानचा भूखंड आजच्या जागीं नव्हता. तो पुष्कळ दक्षिणेला, आज हिंदी महासागरांत जेथें रियुनियन बेट आहे त्या भागावरून उत्तरेकडे सरकत होता. तेथें भूगर्भांत जी ऊष्ण जागा आहे तिनेंच दख्खनला शिलारस पुरविला, असें बहुतेक भूशास्त्रज्ञांचें मत आहे. थोडे तें मानीत नाहींत. भूखंड पुढें सरकला, चूल मागें राहिली. त्या चुलीवरून मग मालदीव, चागोस, मॉरिशस अशी ओळ उठत गेली, आणि रियुनियनवरील 'पितों द ला फुर्नेझ' हा ज्वालामुखी अजूनहि वरचेवर जागा होतो. मॉरिशसमध्यें एकोणिसाव्या शतकांत मजुरीसाठीं नेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज नांदत आहेत. गणेशचतुर्थीला तेथें सार्वजनिक सुटी असते, आणि महाशिवरात्रीला तेथील हिंदु लोक ज्या गंगातलावावर यात्रेस जातात तें सरोवर ज्वालामुखीच्या मुखांतच सांठलेलें आहे. सह्याद्रीच्या पायथ्यापासून निघालेलीं तीं माणसें समुद्र ओलांडून गेलीं, आणि राहिलीं तीं त्याच चुलीच्या दुसऱ्या दगडावर!

ही सारी हकीकत आम्हीं पुढच्या दोन-तीन रात्रीं सौभाग्यवतींना सांगितली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "मग तें आपण पाहायचें कधीं?"

एकत्र कुटुंबांत असा प्रश्न दोघांचा राहत नाहीं. आमच्या विवाहाला एक्केचाळीस वर्षें झालीं. काशी झाली, रामेश्वर झालें, मुलींची बाळंतपणें आणि भाचरांचीं लग्नें ह्यांच्या निमित्तानें निम्मा महाराष्ट्र झाला. परंतु त्यांतल्या एकाहि प्रवासांत आम्ही दोघेंच नव्हतों. काशीला तर बावीस माणसें होतीं आणि सौभाग्यवतींनीं विश्वेश्वरापेक्षां स्टोव्हच अधिक वेळ पाहिला असेल. अशीं उभयतां आतां साठी उलटल्यावर एका मोटारींत निजणार, हें ऐकून बंधु म्हणाले, "दादा, हॉटेलांत खोल्या मिळत नाहींत काय?" सुनेला आमच्या रक्तदाबाची काळजी पडली. पण खरा आक्षेप आमच्या धाकट्या भावजयीनें काढला, आणि तो वाजवी होता. गाडीचें चित्र पाहून ती म्हणाली, "वन्सं काय म्हणतील तें सोडा, पण स्वयंपाकाचा ओटा इथें आणि संडास चार हातांवर, तोहि एका छताखालीं! जाऊबाईंना तिथें अन्न गोड लागेल का?" घरांत आतां सोवळेंओवळें पूर्वीसारखें राहिलेलें नाहीं, तरी ही गोष्ट कोणाच्या गळीं उतरेना. सौभाग्यवतींनीं त्यावर तोड काढली. ज्या गाडींत ती सोय मुळींच नाहीं अशी गाडी घ्यावी, रात्रीचा मुक्काम गांवांत करावा, आणि सकाळीं ज्या घरीं विचारावें त्या घराला चहासाखर न्यावी. त्याप्रमाणेंच झालें, आणि एकाहि गांवीं नाहीं म्हणून कोणीं सांगितलें नाहीं.

अशा गाडीला इंग्रजींत कॅम्परव्हॅन म्हणतात. आमच्या नातवानें तिला पहिल्याच दिवशीं 'चाकांचें घर' असें नांव दिलें, तेंच आम्हीं पुढें चालविलें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें, आणि पुण्यांत आतां त्या भाड्यानें मिळतात. आमची गाडी म्हणजे बारा-पंधरा माणसांची प्रवासी मोटारच होती. आंतलीं आसनें काढून तेथें दोन बांक बसविले होते, ते जोडले म्हणजे पलंग होई. एका बाजूस गॅसची शेगडी, हात धुण्याची मोरी, लहानशी पाण्याची टांकी, फळ्यांचें कपाट, आणि छतावर उन्हावर चालणारी विजेची पेटी. गाडी हांकण्यास मुळशीकडचा एक तरुण होता. तो रात्रीं आपला लहान तंबू ठोकून वेगळा निजे, सौभाग्यवतींना काकू म्हणे, आणि आम्हांस पहिल्या दिवसापासून सर म्हणूं लागला. घाटांतल्या अरुंद वळणांवर असा सारथि जवळ असणें हें वृद्धांस सर्व सोयींपेक्षां मोलाचें आहे. आपण स्वतः गाडी हांकूं असें म्हणणाऱ्या आमच्या वयाच्या मित्रांनीं एकदां कोतूळकडचा रस्ता पाहून यावा.

तुळशीचीं लग्नें लागलीं आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही निघालों. चाकण गेलें, राजगुरुनगर गेलें, मंचरला ऊन वर आलें. नारायणगांवच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून सौभाग्यवतींनीं पहिला चहा केला. "आलें घालूं कीं वेलदोडा?" असें त्यांनीं विचारलें, आणि आम्हीं उलट विचारलें, तुला काय आवडतें? एक्केचाळीस वर्षांत हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. घरांत तेरा माणसांचा चहा एकाच पातेल्यांत होतो. त्यांना गवती चहा आवडतो असें समजलें. तो नारायणगांवच्या बाजारांत दोन जुड्या घेतला आणि पुढें नऊ दिवस पुरला.

जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी नांवाचें गांव आहे. प्रवासी तेथें जात नाहींत, कारण पाहण्यासारखें म्हणून जें आहे तें एक राखेचा थर. नदीच्या कांठच्या मातींत फिकट, पिठासारखी बारीक अशी ही राख सांपडली, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत तिचा अभ्यास केला. ही राख आपल्या सह्याद्रीची नव्हे. ती सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची, म्हणजे समुद्रापलीकडून वाऱ्यावर आलेली! तोबाचा शेवटचा महास्फोट सुमारें चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीं झाला, आणि जेथें तो डोंगर फुटला तेथें आज मोठें सरोवर आहे. बोरीची राख त्याच स्फोटाची, कीं त्याहून फार जुन्या स्फोटाची, ह्यावर पंडितांत वाद आहे, कारण राखेजवळ आदिमानवाचीं दगडी हत्यारें मिळालीं आणि त्यांचें वय राखेच्या वयावर अवलंबून आहे. सौभाग्यवतींनीं ती चिमटींत धरून बोटांनीं चोळून पाहिली. "भांडीं घांसायला किती छान आहे," असें म्हणून त्यांनीं ती होती तेथेंच ठेविली.

जुन्नरला लेणीं पाहिलीं, लेण्याद्रीस गणपतीचें दर्शन घेतलें, आणि संध्याकाळीं घाटघरला पोहोंचलों. येथून पुढें नाणेघाट. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतल्या बंदरांचा माल ह्याच खिंडींतून जुन्नरास चढत असे. खिंडींतल्या लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतला, प्राकृत भाषेंतला शिलालेख आहे. इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्रसूर्य आणि लोकपाल ह्यांना नमन करून त्यांत अश्वमेधादि यज्ञांची व त्यांच्या दक्षिणांची यादी दिली आहे. गायी, घोडे, कार्षापण ह्यांचे आंकडे दिलेले आहेत, आणि ते हिंदुस्थानांतील अतिप्राचीन अंकांपैकीं आहेत. शंभरास निराळें चिन्ह, हजारास निराळें, शून्य नाहीं. जन्मभर फळ्यावर शून्य काढलेल्या माणसाला तें पाहून जें वाटलें तें सांगण्यास शब्द नाहींत. अक्षरें फार झिजलीं आहेत. लेण्याच्या भिंतीला टेकून सहली करणाऱ्यांच्या पाठींनींहि त्यांत भर घातली असावी. १८२८ सालीं हा लेख इंग्रजांच्या दृष्टीस आणला तो कर्नल साइक्स ह्यानें. मुंबई सरकारानें त्याला दख्खनची माहिती जमविण्यास नेमिलें होतें, आणि ह्या मुलखाचे खडक, पाऊस, पक्षी, पिकें असें कांहीं त्यानें सोडलें नाहीं. तो आपणांस पुढें हरिश्चंद्रगडावर पुन्हां भेटणार आहे.

त्या रात्रीं वारा एवढा होता कीं गाडी पाळण्यासारखी हालत होती. आम्ही कड्यापासून लांब, गांवांतल्या देवळाच्या पटांगणांत होतों. मुक्कामाविषयीं एक-दोन गोष्टी येथेंच सांगून टाकतों. गांवांत शिरल्यावर प्रथम सरपंचाला किंवा पुजाऱ्याला विचारावें. एस. टी. वळण्याची जागा अडवूं नये. गाडी उंच असते, तेव्हां गल्लींतल्या विजेच्या तारा पाहून मग चाक पुढें टाकावें. उन्हाळ्यांत ह्या गांवांना पिण्याच्या पाण्याची टंचाई पडते. म्हणून टांकी शक्यतों तालुक्याच्या गांवीं भरून घ्यावी. भाजी, दूध, तांदूळ मात्र तेथलेच घ्यावे. शहरांतून सगळें बांधून नेणारीं माणसें गांवाला फक्त कचरा देतात.

ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असें करीत आम्ही पाचनईस आलों. हें गांव अकोले तालुक्यांतलें, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर. हरिश्चंद्रगडाला येण्याच्या वाटांत ही सर्वांत सोपी समजतात. हा सारा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. म्हणून गाडी गांवांतच राहते. आम्ही सातास निघालों. वाट एका प्रचंड कड्याच्या पोटाखालून आडवी जाते; वरचा खडक छपरासारखा पुढें आलेला आणि खालचा आंत गेलेला. तेथें सावलींत दम खाण्यास बसलों असतां सौभाग्यवतींनीं दोन्ही खडकांवरून हात फिरविला, एका लहान दगडानें दोन्हीकडे ठोकून पाहिलें, आणि म्हणाल्या, "वरचा दगड पाट्याचा आहे. खालच्यावर चटणी वाटली तर दातांखालीं कच येईल."

आम्ही ऐकतच राहिलों. शिलारसाच्या ज्या थरांतून वाफ निघून गेली नाहीं त्यांत बुडबुड्यांचीं छिद्रें राहतात. तो दगड मऊ, लौकर झिजणारा. जो थर सावकाश थिजला तो घट्ट, एकजीव, ठोकला तर खणखणीत वाजणारा. भूशास्त्राचें पुस्तक हा भेद दोन पानांत सांगतें. सौभाग्यवतींना तो ठोकतांक्षणीं कळला, कारण त्यांचें निम्में आयुष्य पाटा, वरवंटा, जातें आणि उखळ ह्यांच्यापाशीं गेलें आहे. दरवर्षीं टांकी लावणाऱ्यास दारांत बोलावून कोणता दगड किती दिवस टिकतो हें त्यांनीं हातानें शिकलें आहे. मग पुढच्या वाटेवर आम्ही दोघें मिळून थर मोजूं लागलों. हा पाट्याचा, हा कचेचा, मध्यें ही लाल माती. छिद्रांत कोठें कोठें पांढरे स्फटिक चमकत होते. पुण्याच्या जवळ वाघोलीच्या खाणींत निळें कॅव्हन्साइट आणि पाषाणच्या टेकडींत हिरवें ॲपोफिलाइट मिळालें, तेंहि अशाच पोकळ्यांत. जगांतल्या संग्रहालयांत तीं मांडलेलीं आहेत, आणि पुणेंकरांस मात्र त्या ठिकाणीं बांधलेल्या सदनिकांचे भाव तेवढे ठाऊक!

गडावर हरिश्चंद्रेश्वराचें देऊळ आहे, आणि शेजारीं केदारेश्वराची गुहा. गुहेंत थंड पाण्याच्या मध्यभागीं भलें मोठें शिवलिंग. भोंवतीं चार खांबांपैकीं आतां एकच शाबूत. ते चार खांब म्हणजे चार युगें, हा शेवटचा कलियुगाचा, असें लोक सांगतात. चांगदेवानें 'तत्त्वसार' हा ग्रंथ चौदाव्या शतकाच्या आरंभीं ह्याच गडावर रचला. तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवर कोंकणकडा.

त्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, म्हणून आम्ही थोडकेंच करूं. हजार फुटांहून अधिक खोल, अर्धवर्तुळाकार, आणि मधोमध आंत वांकलेला असा हा कडा आहे. कांठावर पालथें पडून पाहिलें तर आपल्या खालीं खडक नसून हवा आहे हें ध्यानांत येऊन पोटांत गोळा उठतो. समोरच्या भिंतींत थर स्पष्ट दिसतात. पावसाळ्याच्या सुमारास दरींत धुकें भरलें असतां व सूर्य पाठीमागें असतां येथें पूर्ण वर्तुळाचें इंद्रधनुष्य दिसतें, त्यास इंद्रवज्र म्हणतात. साइक्सनें तें येथें पाहिलें आणि १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्याची नोंद केली. आम्हांस तें दिसलें नाहीं, कारण कार्तिकांत हवा निरभ्र होती. कोंकणांतलीं शेतें मात्र नकाशासारखीं उघडीं पडलीं होतीं. सौभाग्यवती पाऊण तास कांठापासून दहा हात मागें बसून होत्या. कोणी हांक मारणार नाहीं, चूल पेटवावयाची नाहीं, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणीं पडण्यास वेळ लागत होता. दोनदां त्या उगीचच उठल्या आणि पुन्हां बसल्या.

उतरतांना आमच्या उजव्या गुडघ्यानें असहकार पुकारला. तीन तासांची वाट पांच तासांची झाली, आणि रात्रीं गाडींत सौभाग्यवतींनीं तिळाचें तेल चोळीत निकाल दिला कीं, ह्या पायानें कळसूबाई व्हावयाची नाहीं. तो निकाल बरोबर होता. राजूरमार्गें भंडारदऱ्यास आलों. १९२६ सालीं पुरें झालेलें विल्सन धरण व रतनवाडीचें अमृतेश्वराचें शिल्पमय देऊळ पाहण्यासारखें आहे. परंतु शनिवार असल्यामुळें तळ्याच्या कांठीं एवढी गर्दी व एवढें गाणेंबजावणें होतें कीं, आम्हीं मुक्काम तेथें न करतां बारी गांव गांठलें.

बारी हें कळसूबाईच्या पायथ्याचें गांव, महादेव कोळी लोकांची वस्ती. शिखर १,६४६ मीटर उंच, म्हणजे सुमारें ५,४०० फूट. महाराष्ट्रांत ह्याहून उंच जागा नाहीं. म्हणजेच शिलारसाचा जेवढा ढीग आपल्या देशीं उरला आहे त्याची ही सर्वांत वरची पायरी. कड्याच्या जागीं लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. तेथून परत फिरावें असें आमच्या मनांत होतें. रात्रीं जेवण झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "उद्यां सकाळीं ह्या गांवच्या चार बायका देवीला जाणार आहेत. मी त्यांच्याबरोबर जाऊन येऊं का?"

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस थोडा वेळ लागला, हें कबूल केलें पाहिजे. बासष्ट वर्षांची बाई, नऊवारीची संवय सुटून पंजाबी पोशाखाची न लागलेली, शिड्यांवर चढणार. आणि घरीं अकरा माणसें फोनवर आमची वाट पाहणार. पण चढण्याउतरण्याचें तर वाड्यांत त्यांनीं आयुष्यभर केलें होतें. दिवसांतून वीस वेळां माडी आम्हीं नव्हे, त्यांनींच चढली होती. आम्हीं हो म्हटलें. सारथि आपण होऊन बरोबर गेला.

साडेपांचास त्या निघाल्या. बॅटरीचे पांच ठिपके उतारावर हालत वर गेले आणि उजाडल्यावर दिसेनासे झाले. मग आम्ही आणि चाकांचें घर, दोघेंच उरलों. दहा वाजेपर्यंत वर्तमानपत्र झालें. पुढें एका म्हाताऱ्या गांवकऱ्यानें कळसूची कथा सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानांत हिंडण्याचा तिला नाद. ती एका घरीं कामास राहिली ती अशा अटीवर, कीं भांडीं घांसावयास व केर काढावयास तिला सांगूं नये. बरेच दिवस नीट चाललें. एके दिवशीं घरांतल्या कोणीं तरी तींच कामें सांगितलीं. तिनें तीं केलीं, आणि डोंगर चढून जी गेली ती पुन्हां खालीं आली नाहीं. ती जेथें राहिली तेथें हें देऊळ.

बारा वाजले, दोन वाजले. शिड्यांचें लोखंड उन्हांत चमकत होतें आणि त्यावर मुंग्यांसारखीं माणसें वर-खालीं होत होतीं. त्यांत आपलें माणूस कोणतें हें ओळखूं येत नव्हतें. कोणाची वाट पाहणें हें किती मेहनतीचें काम आहे, ह्याची आम्हांस कल्पना नव्हती. शाळेंतून, सभेंतून, वाचनालयांतून आम्ही घरीं जात असूं तेव्हां दार उघडेंच असे. हातांना कांहीं तरी उद्योग असावा म्हणून आम्हीं तांदूळ निवडले, भात टाकला, पिठलें केलें. पिठल्यांत गांठी झाल्या. मग सकाळचीं भांडीं होतीं तीं घांसून, पुसून, फळीवर पालथीं घातलीं.

साडेचारास त्या आल्या. चेहरा उन्हानें लाल, पदराला देवीचा अंगारा बांधलेला, आणि पाय धुळीनें माखलेले. भात वाढून घेऊन त्या पायरीवरच बसल्या. वरून काय दिसलें, शिड्यांवर भीति वाटली का, असें सगळें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "सगळे डोंगर एका पातळीवर कापल्यासारखे दिसतात. पोळ्यांची चवड कोणी सुरीनें कापावी तसे." शिलारसाच्या थरांचें ह्याहून चांगलें वर्णन आम्हीं अद्यापि वाचलेलें नाहीं. मग थोडा वेळ गेल्यावर त्यांनीं विचारलें, "कळसूची गोष्ट ऐकलीत का तुम्ही? मला त्या बायकांनीं वाटेंत सांगितली." आम्हीं ऐकली म्हटलें. "अट मोडली त्यांनीं," त्या म्हणाल्या, "पण तिनें भांडीं घांसून टाकलीं आणि मगच घर सोडलें. अर्धवट टाकून नाहीं गेली." एवढें बोलून त्यांनीं ताट धुण्यासाठीं हात पुढें केला, फळीवरचीं भांडीं पाहिलीं, आणि हात मागें घेतला.

दुसऱ्या दिवशीं निघालों. पुढच्या वर्षीं तुळशीचीं लग्नें झालीं कीं रतनगडास जावयाचें, तेथील नेढ्यांतून वारा कसा वाहतो तें पाहावयाचें, आणि तोंवर आम्हीं रोज सकाळीं पर्वतीच्या निदान अर्ध्या पायऱ्या चढावयाच्या, असा ठराव अकोल्याच्या आधींच पास झाला. घरीं फोन करून त्यांनीं तो भावजयीस कळविलाहि. तिकडून कांहीं तरी लांबलचक उत्तर आलें. त्यांतलें आम्हांस एवढेंच सांगण्यांत आलें कीं, त्या वर्षींच्या गाडींत दोघी जावा जाणार असून आम्ही यावें किंवा न यावें.

संगमनेरच्या पुढें, नाशिक-पुणें रस्त्याच्या कडेला, एक पाथरवट कुटुंब पाटे-वरवंटे मांडून बसलें होतें. सौभाग्यवतींनीं गाडी थांबवावयास लाविली. त्यांनीं सात-आठ पाटे बोटाच्या पेरानें वाजवून पाहिले, दोन उलथे केले, दगड कोणत्या खाणींतला हें विचारलें, आणि त्यांतला एक घेतला. सारथ्यानें तो उचलून मागच्या बांकाखालीं ठेवतांना विचारलें, "काकू, घरीं मिक्सर असेल ना?"

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "जपून ठेव. खालीं घोंगडी घाल."